मुरब्याची गोरी

१६ ऑक्टोबर १९८७, शुक्रवार

आज दुसऱ्याचं पत्र फोडलं. दुसऱ्याचं म्हणजे तिचं.

कारखान्याला शुक्रवारची सुट्टी, म्हणून मुरब्याला घरी गेलो होतो. एसटीतून उतरलो तर पोस्टमन भिका समोर. म्हणाला, "तुज्या गोरीचा कागद हाय, विलायतेचा. तूच घेऊन जा, माजा फेरा वाचंल." पाकिटावर राणीचं तिकीट. चाळीस वर्षांत तिला कधी पत्र आलेलं मी पाहिलं नाही. घरी ती नव्हती, टोपली घेऊन पालघरच्या बाजारात गेली होती. आई ओट्यावर बोंबील निवडत होती. मी जेवलो आणि पत्र खिशात तसंच घेऊन सरावलीला माझ्या खोलीवर परत आलो.

जुनी वही पावसात भिजली. ही नवी, म्हणून एकदा सगळं सरळ लिहून ठेवतो. आई म्हणजे येसूबाई, बापाची पहिली बायको. तिने मला वाढवलं. जन्म दिला तो गोरीने. तिचं नाव मार्गारेट. आई तिला मागी म्हणते, बाकी गाव गोरी म्हणतं, मीही तेच म्हणतो. बाप एकनाथ लढाईत बोटीवर खलाशी होता. बोट बुडाली, तो वाचला आणि विलायतेतल्या एका इस्पितळात पाच महिने पडून राहिला. ही त्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. चव्वेचाळीस साली लग्न केलं. मुरब्यात एक बायको आहे, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. लढाई संपल्यावर तो तिला घेऊन आला तेव्हा आई दारात उभी होती. पुढच्या वर्षी मी झालो. आईला मूल नव्हतं. गोरीने मला आईच्या हवाली केलं आणि आपण बाजार धरला. गावात असंच सांगतात.

पत्र तिच्या धाकट्या बहिणीचं आहे, जीन नावाच्या. लिहिते, आपला बाप बारा वर्षांपूर्वी वारला. तू पाठवलेली पत्रं तो न फोडता चुलीत घालत असे. तो गेल्यावरही मी शोधलं नाही, चूक माझी. आता मी एकटी आहे, घर आहे, समुद्र खिडकीतून दिसतो. ये.

दोनदा वाचलं. मग दार लावून आरशात बघितलं. डोळे तिचे, कातडी अर्धी तिची. चाळीस वर्षं ह्या तोंडाचं भाडं मी भरतोय. त्याचा एकदा तरी उपयोग व्हावा.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीचा फराळ घेऊन गेलो आणि पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचलं, हात माशांचे तसेच. वाचून घडी केली आणि कमरेला खोचली.

"फोडलेला हाय," ती म्हणाली. "तू वाचलास?"

"वाचलं."

"मग आयला सांग काय ते. मी आंगोळ करून येते."

केसांवरून पाणी घेतलं. आईने विचारलं, अशी अवेळी आंघोळ कशाला? मी सांगितलं, तिचा बाप मेलाय, बारा वर्षांपूर्वी. आईने शेव-चकलीचं ताट उचललं आणि आत झाकून ठेवलं. बारा वर्षं जुन्या प्रेताचं सुतक, ते ऐन दिवाळीत, आणि ते पाळणारी माझी आई. कोरडी भाकरी खाऊन निघालो.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

खोलीशेजारचा पुंजाराम नगरकडचा, आमच्याच कारखान्यात रंगखात्यात आहे. त्याला सहज म्हणून पत्राचं सांगितलं. तो म्हणाला, "पंढरीभाऊ, तुमी तर जन्मानंच अर्धे साहेब. आई तिकडची म्हनल्यावर तुमाला कोन अडवतंय? आधी म्हातारीचे कागद करा. मंग तुमचे आपोआप होत्यात."

हेच माझ्या मनात तीन आठवडे होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर खरं वाटलं.

मुरब्याला जाऊन तिला म्हणालो, बहीण बोलावते आहे तर जावं.

ती म्हणाली, "मना नाय जायचा. तिथं माज्याशी कोन बोलंल?"

"बहीण."

"ती सतरा वरसाची व्हती. तिच्याशी काय बोलू? बोंबलाचा भाव?"

आई हसली. दोघी हसल्या. मला ह्या दोघींचं हसणं कधी कळलं नाही. सवतींनी सवतींसारखं राहावं, तर तेही नाही. लहानपणी निदान भांडण ऐकलं असतं तर मला कुठल्या तरी एका बाजूला उभं राहता आलं असतं.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

कारखान्याच्या फाटकावर नवा रखवालदार आला आहे. त्याने परवा मला सलाम ठोकला. त्याला वाटलं, बाहेरून आलेला साहेब. नंतर कोणीतरी सांगितलं असावं. काल म्हणाला, "अरे अंग्रेज, कार्ड दिखा." मागचे दोघे हसले.

शाळेत 'राणीचा' म्हणत. लग्नाची बोलणी तीन ठिकाणी झाली. एकाने सरळ विचारलं, तुमचे देवक कोणते, दोन्हीकडचे सांगा. दुसरे बघायला आले, गोरीच्या हातचा चहा प्यायले आणि कळवतो म्हणाले. तिसऱ्या वेळी मीच गेलो नाही. ह्यातलं काही तिला माहीत नसेल असं नाही. चहा देऊन ती आत गेली होती आणि माणसं जाईपर्यंत बाहेर आली नव्हती.

४ डिसेंबर, शुक्रवार

आईला मधे घातलं. तिला सांगितलं, मागीला निदान एकदा बहिणीला भेटून येऊ दे, कागद तरी करू. माझं सांगितलं नाही.

आई म्हणाली, "तिची भन हाय, जाऊ दे की. मी काय तिला बांदून ठेवलीय?" पण बोलताना बोंबील चुकीच्या ढिगात टाकत होती.

कागद बापाच्या खलाशी पिशवीत होते. लग्नाचा दाखला निघाला. त्यात बापाच्या नावापुढे 'अविवाहित' लिहिलंय. खाली त्याची सही, ठसठशीत. बाप दारूपायी गेला तेव्हा मी रडलो होतो, ते आज परत घ्यावंसं वाटलं.

आणखी एक कागद निघाला. अठ्ठेचाळीस सालचा, मुंबईतल्या त्यांच्या कुठल्या तरी कचेरीचा. आपण आपल्यासाठी व मुलासाठी मायदेशी परतण्याचा जो अर्ज केला होता, त्यास अनुसरून कळवण्यात येते की, एका प्रौढ व्यक्तीची सोय होऊ शकते. मूल पित्याचे असल्याने त्याचा समावेश करता येणार नाही. महिन्याच्या आत उत्तर द्यावे. मागच्या बाजूला पेन्सिलीने तिच्या अक्षरात एकच शब्द, 'नो'.

म्हणजे तिला जायचं होतं. मी एक वर्षाचा होतो आणि ती परत निघाली होती. एवढं मला पुरे आहे. कागद मी पिशवीत ठेवला नाही, घेऊन आलो.

१८ डिसेंबर, शुक्रवार

गोरी बाजारात असताना आईला विचारलं, अठ्ठेचाळीस साली ही निघाली होती, हे तुला माहीत होतं?

आईने हातातला बोंबील खाली ठेवला. मग म्हणाली, "तेच्या आदी मी निगाले व्हते."

"कुठे?"

"खाडीवर. तुजा बाप हिला घेऊन आला, वरसात तू झालास. माजी कूस रिकामी. मी म्हनले, आता ह्या घरात माजा काय हाय. भरतीच्या टायमाला निगाले. ही मागनं आली. तवा तिला आपली भाषा येत नव्हती. काय बोलणार? तुला माज्या हातात दिला आनि पाठ फिरवून घरला गेली. पोर घेऊन पान्यात कशी जाऊ? आले परत."

आई पुढे म्हणाली, "मंग तू माज्यापाशीच निजायचास. ती भिंतीकडं तोंड करून निजायची."

रात्रभर तेच डोक्यात. लोक वाटीभर साखर देतात तसं मला देऊन टाकलं. कोणी बुडायला निघालं तर त्याला दोर देतात, लाकडी ओंडका देतात. तिने मला दिलं. आणि पुढच्या वर्षी परत जायचा अर्ज केला. तेव्हा मूल आठवलं.

१४ जानेवारी १९८८, गुरुवार

रजा टाकून तिला मुंबईला, इंग्रजांच्या कचेरीत नेलं. पंधरा दिवस मागे लागलो तेव्हा तयार झाली. आईने तिला स्वतःचं हिरवं लुगडं नेसवलं, कासोटा नीट बसला की नाही ते दोनदा पाहिलं. कचेरीत थंड हवा, गालिचा. सगळे आमच्याकडे बघत होते. निळ्या डोळ्यांची कोळीण, पायात रबरी चपला.

आतला साहेब पंचविशीतला पोरगा होता. त्याने इंग्रजीत विचारलं. ती तिच्या गावच्या इंग्रजीत बोलली. त्याला कळलं नाही. पुन्हा बोलली. मलाही कळलं नाही, आणि मी कारखान्यात इंग्रजी पत्रं लावणारा माणूस. मग त्याने आतून एक म्हातारी बाई बोलावली, ती गोरीच्याच गावाकडची निघाली. त्या दोघींचं असं काही सुरू झालं की साहेब खुर्ची मागे ढकलून बसून राहिला. माशांचं काहीतरी असावं, कारण तिने हाताने सुरी चालवून दाखवली. तिथे तिच्या गावी बायका पिंपांपाशी उभ्या राहून मासे चिरत, हे मला तेव्हा कळलं. मुरब्यात तिच्याइतका हात कोणाचा चालत नाही, तो तिथला. ती हसताना तोंडावर हात ठेवत नव्हती. घरी ठेवते.

तिचे कागद होतील म्हणाले. चाळीस वर्षं इथे राहिली तरी ती त्यांचीच आहे. दोन महिन्यांत.

मग मी माझं विचारलं. घरून तीन वाक्यं पाठ करून गेलो होतो. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, बाप हिंदुस्थानी, जन्म हिंदुस्थानातला. तुमच्या जन्माच्या वेळच्या कायद्याने आईकडून काही मिळत नाही. सॉरी. मी म्हणालो, माझ्याकडे नीट बघा. तो म्हणाला, बघितलं.

बाहेर पायरीवर ती म्हणाली, "तू तुज्यासाटी आणलास मना?"

मी पायऱ्या उतरू लागलो. तिने पुन्हा विचारलं नाही. फक्त स्टेशनपर्यंत माझ्या दोन पावलं मागून चालली.

२२ जानेवारी, शुक्रवार

आज बोललो. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या बदलता येणार नाही.

ती अंगणात खाली बसून मासे साफ करत होती. म्हणाली, कागद झाले तरी मी जाणार नाही, तू उगाच खेपा घालू नको. मी अठ्ठेचाळीस सालचा कागद खिशातून काढला आणि तिच्यापुढे धरला.

"तेव्हा निघाली होतीस ना? तेव्हाच गेली असतीस तर मी ह्या गावात नुसता आईचा मुलगा म्हणून वाढलो असतो. रंग उडाला असता लोकांच्या डोळ्यांतून. तू रोज टोपली घेऊन गावभर फिरलीस आणि रोज सगळ्यांना आठवण करून दिलीस."

"तू व्हतास," ती म्हणाली.

"काय?"

"तुला न्यायला देत नव्हते. मंग मी नाय गेले."

"मी सांगितलं होतं राहायला? एक वर्षाच्या पोराने? माझ्या नावावर हे लिहू नकोस. आता मी चाळीस वर्षांचा आहे, आता सांगतो. जा. मोकळी आहेस."

आई आतून म्हणाली, "पंढरी, गप ऱ्हा."

गोरीने सुरी पाण्यात धुतली, पाटावर ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ?"

"जा."

"बरं," ती म्हणाली. जणू मी बाजारातून मीठ आणायला सांगितलं होतं. उरलेले मासे तिने साफ केले, सगळे. मी तोवर थांबलो. का थांबलो, माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

तिने बहिणीला स्वतः पत्र टाकलं. मला पत्ता लिहायलाही सांगितला नाही. मला वाटलं होतं, रागाने म्हणाली असेल, आठ दिवसांत विसरेल. आईने एकदा विचारलं, "मागी, खरंच जातेस काय गो?" तर म्हणाली, "पोर बोलला. पयल्यांदा त्याने माज्याकडं काय मागितला."

हे आईने मला सांगितलं. मी म्हणालो, टोमणा मारतेय. आई म्हणाली, "तिला टोमना येत नाय. आपली भाषा ती माज्याकडनं शिकलीय, मला म्हाईत हाय तिला काय काय येता."

४ मार्च, शुक्रवार

काल होळी. तिचे कागद आले, बहिणीने पाठवलेलं तिकीटही आलं. नऊ तारीख. ती होळीभोवती बायकांत नाचली. गावातल्या बायकांनी तिला मधे घेतलं. रत्नाबाई, जिने मला लहानपणी दारातून हाकललं होतं, ती गळ्यात पडून रडत होती. चाळीस वर्षांनी गाव तिचं झालं, ती निघाल्यावर.

मी नाचलो नाही. पुंजाराम मुद्दाम बघायला आला होता. म्हणाला, "म्हातारीला सोडून तुमी कसं राहाल, भाऊ?" मी म्हणालो, मी तिच्याबरोबर राहतच नव्हतो कधी. तो म्हणाला, "तसं नाय म्हनत मी." मग कसं, ते त्याने सांगितलं नाही.

९ मार्च, बुधवार

पोहोचवून आलो. आई, मी आणि पुंजाराम. आई विमानतळावर पहिल्यांदाच आली, पण तिने एकाही विमानाकडे पाहिलं नाही. गोरीने बहिणीने पाठवलेला लोकरीचा कोट लुगड्यावर घातला होता. आईने कोटाची बटणं लावून दिली. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग एक काढलं आणि पुन्हा लावलं.

मला वाटत होतं ती मला काहीतरी म्हणेल. चांगलं किंवा वाईट. मी उत्तरही ठरवून ठेवलं होतं, दोन्हीचं. ती म्हणाली, "पावसाच्या आदी मागच्या बाजूची कौलं परतून घे. आयच्या आंथरुनावर गळता." आणि आत गेली. काचेपलीकडे एकदा वळली. हात वर केला तो कोणासाठी ते गर्दीत कळलं नाही. आईनेही हात वर केला, म्हणून मी केला नाही.

परतताना गाडीत पुंजारामने भजी आणली, ती आईने घेतली नाहीत.

२५ मार्च, शुक्रवार

आईने चूल पेटवली नव्हती. मी भात लावला. विचारलं, बरं नाही का. म्हणाली, "दोगींचा शिजवायची सवय हाय. एकटीचा अंदाज येत नाय."

मी म्हणालो, माझ्याकडे सरावलीला चल. मी तुझाच मुलगा आहे.

"व्हय," आई म्हणाली. "माजाच हायस. म्हनून तर तुला काय बोलता येत नाय मना."

१५ एप्रिल, शुक्रवार

गेलो नाही. कौलांचं बघायला हवं.

१३ मे, शुक्रवार

तिचं पत्र आलं. आईच्या नावाने, इंग्रजीत. ह्या वेळी भिकाने माझ्या हाती दिलं नाही, थेट आईच्या हातात नेऊन दिलं. ते आठ दिवस आईच्या कमरेला होतं. मी गेल्यावर काढून माझ्यासमोर धरलं. "वाच."

मी मराठी करत वाचलं. येसू, मी बरी आहे. इथला समुद्र काळा आणि गार आहे. पलंग फार मऊ, म्हणून मी खाली निजते, जीनला राग येतो. गावातले मासे चिरायचे पिंप गेले, आता सगळं यंत्राने होतं. दुकानात मी बोलले की लोक दोनदा विचारतात. पोरं मला इंडियाची बाई म्हणतात. मी त्यांना ओरडत नाही, खरंच बोलतात. कोट घालते पण आतून लुगडं नेसते, चालताना बरं वाटतं. तुझा गुडघा कसा आहे? तेल गरम करून लाव, थंड लावू नको. टोपली रत्नाबाईला दे, ती पडून खराब होईल. तुला स्वप्नात बघितलं, तू खाडीवर उभी होतीस आणि मला हाक मारत होतीस, पण मी तोंड उघडलं तर मला आपली भाषा आठवेना.

एवढंच होतं. मी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरं. पाकिटात पाहिलं.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "आणि पंढरीला सांग, त्याच्यावर माझा राग नाही. त्याची आठवण येते."

आईने हात पुढे करून कागद घेतला. तिला अक्षरओळख नाही. तिने ओळींवरून बोट खाली खाली आणलं, अगदी शेवटी थांबवलं आणि विचारलं, "हिते काय लिवलाय?"

तिथे फक्त सही होती.

"मागी," मी म्हणालो.

"मंग लिवलाय तेवडाच वाच," आई म्हणाली.